इंदूकाकूंच्या मांडीवर

इंदूकाकूंना स्वयंपाक येत नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. त्यांच्याबद्दल काही सांगायचं म्हटलं की मला पहिल्यांदा हेच सांगावंसं वाटतं. दूध रोज उतू जायचं. भाकरी एका बाजूनं करपायची आणि नाना, म्हणजे त्यांचे यजमान, करपलेली बाजू आत दुमडून गप खायचे. वाळत घातलेली लुगडी दुसऱ्या दिवशीही दोरीवरच असायची. पण साऱ्या वसाहतीत त्यांचं नाव निघायचं ते वेगळ्याच गोष्टीसाठी, आणि ती सांगताना माझा आवाज अजूनही जरा कोरडा होतो.

आम्ही तेव्हा सहकारी साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायचो. आष्टी तालुक्यात, मोठ्या बाजाराला बसनं कड्याला जावं लागायचं इतक्या आडबाजूला. माझे यजमान कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. मी शेजारच्या गावच्या शाळेत पहिलीच्या वर्गावर. नाना काट्यावर होते, म्हणजे उसानं भरलेल्या गाड्यांचं वजन होतं तिथं. त्यांची आणि आमची भिंत एकच होती, त्यामुळं त्यांच्या घरातलं सगळं मला ऐकू यायचं. ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

काकू उंच, हाडापेरानं दणकट. नारायणगडाच्या बाजूच्या पाटील घराण्यातल्या. आवाज जाडाभरडा, लहानपणापासून रानातल्या गड्यांना बांधावरून हाका मारून तयार झालेला. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. दोन मुलगे पुण्याकडं नोकरीला, ते दिवाळीला यायचे आणि भाऊबीज झाली की निघायचे. काकूंच्या कमरेला मिसरीची डबी असायची आणि जिभेवर कुणाची ना कुणाची खरडपट्टी. पाहुण्याला चहा विचारायचं त्यांच्या ध्यानात राहायचं नाही. पण वसाहतीतली पोरं गोष्ट ऐकायला जमली आणि खाटेखालची पत्र्याची पेटी ओढायची म्हटली की त्या आधी साबणानं हात धुवायच्या, पदराला कोरडे करायच्या आणि मग समोर बसलेल्या एकेका पोराचे पंजे उलटेसुलटे करून बघायच्या. मळलेला हात दिसला की पोराला न बोलता मोरीकडं वळवायच्या.

पेटीत चित्रांची पुस्तकं होती. त्यांचा धाकटा भाऊ पुण्यात पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला होता. बांधणीत बिघडलेली, विकायला न जाणारी पुस्तकं तो काकूंसाठी एसटीच्या ड्रायव्हरकडं द्यायचा. एकाचं कव्हर उलटं चिकटलेलं होतं. काकू ते पुस्तक कव्हर सुलटं दिसेल असं धरून सुरू करायच्या, पहिलं पान आलं की सगळं पुस्तक गर्रकन फिरवायच्या, आणि पोरं दर वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखी हसायची.

मी शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेतलेली बाई. माझं माहेर अंबाजोगाईचं, घरात दोन पिढ्या मास्तर. काकूंचं वाचणं मला पहिल्या दिवसापासून चुकीचं वाटायचं. त्या अक्षराखाली बोट धरायच्या नाहीत. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारायच्या नाहीत. छापलेलं जसंच्या तसं तर कधीच वाचायच्या नाहीत. पुस्तकात ससा म्हणायचा, ‘मी येणार नाही.’ काकूंचा ससा म्हणायचा, ‘म्या न्हाई येत, जा.’ मुलांच्या कानावर शुद्ध भाषा पडायला हवी, असं मी एकदा त्यांना सौम्यपणे सुचवलं. त्यांनी मिसरीचं बोट दातावरून फिरवलं आणि म्हणाल्या, “ससा आष्टी तालुक्यातला हाय, बाई. त्यो कसा बोलंल?”

आणि त्यांचं ते थांबणं. पान उलटायच्या आधी कोपरा धरून पान अर्धं उचलायच्या आणि तशाच बसून राहायच्या. पलीकडच्या चित्राचा एखादा तुकडा दिसायचा, शेपटीचं टोक किंवा झाडाची फांदी. खोलीत एवढी शांतता व्हायची की भिंतीअलीकडं वह्या तपासताना माझाही हात थांबायचा.

माझी रेवू तेव्हा चार वर्षांची व्हायला आली होती आणि बोलत नव्हती. आई, पाणी, नको, एवढ्यावर तिचं भागायचं. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून आणलं. कान चांगले आहेत, जीभ चांगली आहे, तिच्याशी बोलत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी बोलायची. शाळेतून आले की तिला समोर बसवून म्हणायची, हे काय? चेंडू. म्हण, चेंडू. ती माझ्या तोंडाकडं बघत राहायची आणि थोड्या वेळानं डोळे मिटून घ्यायची. माझ्या वर्गातली ऊसतोड्यांची पोरं गावी असतील तेवढ्या दिवसांतसुद्धा बाराखडी म्हणायची. आणि माझ्या पोटची पोर माझ्यासमोर डोळे मिटायची.

पाऊस हुकलेल्या पहिल्या वर्षी रेवूला सांभाळणारी बाई टोळीबरोबर पश्चिमेकडं उसाला गेली, तेव्हा काकू आपणहून म्हणाल्या, ऱ्हाऊ दे माझ्यापाशी. मला दुसरा इलाज नव्हता. संध्याकाळी मी न्यायला जायची तेव्हा रेवू त्यांच्या मांडीत पाठ टेकून बसलेली असायची, एक हात पुस्तकावर आणि दुसऱ्या हातात काकूंच्या पदराचा कोपरा. मला बघून ती उठायची, पण पदर सोडायला तिला वेळ लागायचा. तेवढा वेळ मी उंबऱ्यात उभी असायची.

पुढच्या वर्षीही पावसानं पाठ फिरवली. वसाहतीच्या विहिरीनं तळ गाठला आणि टँकर सुरू झाला. एका सकाळी मी रांगेत होते. माझा नंबर लागला, नळी माझ्या हंड्यात होती आणि मागं उभी असलेली फिटरची बायको सहज म्हणाली, “तुमची रेवू बोलायला लागली की वो. तुमाला म्हाईत न्हाई व्हय?”

तिनं जे सांगितलं ते असं. एका पुस्तकात शेळीचं चित्र होतं. काकू कितीतरी दिवस त्या शेळीला वासरू म्हणत होत्या. हे वासरू पाला खातंय, हे वासरू भिंतीवर चढलंय. बाकीची पोरं ओरडायची, काकू ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. आदल्या दिवशी रेवूनं त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडं वळवलं आणि म्हणाली, “शेळी हाय ती. वासरू न्हाई.”

माझा हंडा भरून पाणी खाली वाहायला लागलं होतं. बायका ओरडल्या तेव्हा मला कळलं. त्या दिवसांत पाणी सांडणं म्हणजे काय, हे तिथं राहिलेल्यालाच ठाऊक. पण मला त्या ओरडण्याची लाज वाटली नाही. माझ्या मनात एकच होतं. माझ्या लेकीचं पहिलं वाक्य फिटरच्या बायकोनं ऐकलं होतं, फिटरच्या पोरानं ऐकलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

तशीच काकूंकडं गेले आणि मला का सांगितलं नाही म्हणून विचारलं. आवाज चढलेला असणार. काकू चुलीपाशी होत्या, दूध अर्थातच वर आलेलं होतं. त्या म्हणाल्या, “मी सांगनारच न्हवते. ती तुझ्यापाशी आपसूक बोलंल, तुला पैल्यांदा ऐकल्यागत व्हईल, म्हनून गप बसले. त्या बयेनं घोटाळा केला.”

त्यांनी भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्या आठवड्यात मी नगरला जाऊन पुस्तकं आणली. चांगल्या बांधणीची, गुळगुळीत कागदाची, कव्हरं सुलटी. संध्याकाळी रेवूला मांडीवर घेतलं आणि वाचायला लागले. उच्चार स्पष्ट, बोट अक्षराखाली. प्रत्येक चित्रावर विचारलं, हे काय आहे, रंग कोणता, किती पक्षी आहेत. ती शहाण्यासारखी बसली. तिनं उत्तरंसुद्धा दिली, एकेका शब्दात. पुस्तक संपल्यावर ती मांडीवरून उतरली, पुस्तक नीट मिटून माझ्या हातात दिलं आणि काकूंच्या बोलीत म्हणाली, “तू वाचत न्हाईस. तू शिकवतीस.”

ते तिचं माझ्याशी बोललेलं पहिलं मोठं वाक्य. मी ते कुणालाच सांगितलं नाही. यजमानांनासुद्धा नाही.

दुष्काळात एसटीवरून येणारं पुस्तकांचं गाठोडं बंद झालं. भावाची नोकरी सुटली होती की काय, काकू सांगायच्या नाहीत. पेटीतली पुस्तकं पोरांना पाठ झाली, तेव्हा काकूंनी कारखान्याचा वार्षिक अहवाल काढला. जाड गुळगुळीत पुस्तक, आत रंगीत फोटो. पहिल्या पानावर हार घातलेले चेअरमनसाहेब, मग ओळीनं संचालक, मग धुराची चिमणी, उसाच्या गाड्या, साखरेची पोती. काकूंनी त्याची गोष्ट केली. एक राजा होता. त्याला लई भूक लागायची. त्याच्या गळ्यात फुलं होती ती बी त्यानं खाल्ली. मग त्यानं एक मोठ्ठं पोट बांधलं, त्याला धुराडं लावलं, आणि गावोगावचा ऊस त्यात टाकायला लागला. भिंतीअलीकडून मी ऐकत होते आणि हसू आवरत नव्हतं, ते काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडाशी धरला होता.

झेंडावंदनाला चेअरमनसाहेब वसाहतीच्या मैदानावर आले. कार्यक्रम माझ्याकडं होता. पहिलीच्या मुलांकडून मी समूहगीत बसवून घेतलं होतं, एकही सूर चुकला नाही. गाणं संपलं आणि खाऊ वाटताना फिटरच्या पोरानं चेअरमनसाहेबांकडं बोट दाखवून शेजारच्याला सांगितलं, ह्योच त्यो भुकेला राजा.

चेअरमनसाहेब खाली वाकले. “मी राजा? कावून रं?”

पोरगं म्हणालं, “तुमी समदा ऊस खाता. तरी तुमाला भूक लागती.”

माणसं जमिनीकडं बघायला लागली. चेअरमनसाहेब हसले, जरुरीपेक्षा जास्त वेळ हसले. आठवडाभरात नाना काट्यावरून गोदामात गेले. ऊसच नव्हता, त्यामुळं काट्यावर तसं काही काम उरलं नव्हतं, पण काटा म्हणजे कारखान्यात मान होता. नानांना ते लागलं. त्यांनी काकूंशी बोलणं टाकलं. चेअरमनसाहेबांच्या घरी जाऊन माफी मागावी असं चार जणींनी काकूंना सांगून बघितलं, मीही सांगितलं. काकू म्हणाल्या, पोरगं खोटं बोललं असंल तर जाते. आणि रविवारी दुपारी अहवाल घेऊन बसल्या.

नाना आतल्या दारात उभे असावेत. भिंतीअलीकडून मला आधी त्यांचं खाकरणं ऐकू आलं आणि मग इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज, “मग त्या राजाचं फुडं काय झालं?”

“आजून ठरलं न्हाई,” काकू म्हणाल्या. “बसा.”

माझ्या बिनचूक समूहगीताची आठवण वसाहतीत कुणालाच राहिली नाही. राजाची मात्र सगळ्यांना राहिली.

हिवाळा संपताना कारखान्याच्या गाडीतळावर गुरांची छावणी पडली. जिथं एरवी ऊसतोड्यांच्या बैलगाड्या सुटायच्या, तिथं दावणी लागल्या. आसपासच्या गावांतली माणसं जनावरं घेऊन आली, पाचटाचे आडोसे करून तिथंच राहिली. त्यांची लहान पोरं दिवसभर शेणात खेळत हिंडायची. काकू दुपारच्या वेळी चार पुस्तकं पिशवीत घालून छावणीत जायला लागल्या. बरोबर रेवू, पदराला धरून. पिशवीत साबण आणि पाण्याचा तांब्याही असायचा. टँकरच्या पाण्यानं त्या पोरांचे हात धुवायच्या म्हणून बायका कुरकुरायच्या. काकू म्हणायच्या, आमच्या वाटनीचं हाय, नाना आंघोळ करत न्हाईत.

उन्हं वाढल्यावर शाळा सकाळची झाली होती. दुपारी मी मोकळी असायची, रेवूला घरी ठेवू शकले असते. पण ती दाराशी चपला घालून उभी असायची. मग मीही काही ना काही निमित्त काढून छावणीकडं जायची आणि कडब्याच्या गंजीमागं उभी राहायची. काकूंसमोर पोरं दाटीवाटीनं बसलेली, मागं दोनचार म्हातारेही दावणीला टेकून ऐकायचे. चित्र दिसेना म्हणून एक म्हातारा पोरांना सरका म्हणायचा.

हत्तीचं एक पिल्लू हरवतं आणि आईला शोधत जातं, असं एक पुस्तक पोरांचं लाडकं होतं. एका दुपारी काकूंनी ते बाजूला ठेवलं आणि मागच्या गाईनं मान लांब करून त्याची शेवटची पानं ओढून खाल्ली. काकूंनी गाईच्या तोंडात हात घातला, पण हाती लगदा आला. त्या गाईला त्यांनी जे ऐकवलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. गाईच्या मालकाशी तर छावणी उठेपर्यंत बोलल्या नाहीत.

पण पोरांना शेवट हवा होता. दुसऱ्या दिवसापासून काकू गोष्ट तिथवर आणायच्या, फाटलेल्या कडेवर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, हितून फुडं गाईच्या पोटात हाय, तुमी सांगा. कुणी पिल्लाला छावणीत आणायचं, कुणी त्याला पाण्याच्या टँकरवर बसवायचं. एकदा काकूंनी रेवूकडं बघितलं. नुसतं बघितलं, विचारलं नाही. मी गंजीमागून बघत होते.

रेवू म्हणाली, “पिल्लू हरवलं न्हाई. त्याची आई शाळेत गेलती. पिल्लू काकूकडं ऱ्हातं.”

पोरांना तो शेवट पटला. मला कडब्याचं धाट हातात टोचत होतं, पण मूठ सुटेना. मला वाटलं, आता काकू तिला जवळ ओढतील, गालावरून हात फिरवतील. माझी खात्री होती. मी त्यांच्या जागी असते तर मी तेच केलं असतं.

 पण काकूंनी पान उचलून धरावं तसा नुसताच हात अधांतरी धरला आणि विचारलं, “मग शाळा सुटल्यावर?”

रेवूनं विचार केला. “आई न्यायला येती.”

“कुनाला?”

“पिल्लालाच.”

“पळत येती का चालत?”

“पळत,” रेवू म्हणाली.

काकूंनी पुस्तक मिटलं. गंजीकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही, पण मी तिथं आहे हे त्यांना ठाऊक होतं असं मला अजून वाटतं. त्यांनी माझी लेक माझी मला परत दिली होती. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण ती त्यांच्या हातून परत घ्यावी लागली, हे काही गिळता गिळेना.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, छावणी उठली, पण ऊस लावायला कुणाकडं बेणं नव्हतं. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झालाच नाही. माणसं कमी केली, त्यात नाना आले. त्यांचं गावही नारायणगडाच्याच बाजूला होतं, तिकडं जायचं त्यांनी ठरवलं. टेम्पोत सामान चढताना सगळी वसाहत जमली होती. काकू पोरांवर खेकसत होत्या, पेटी कुणालाही उचलू देत नव्हत्या. पेटीतलं एकही पुस्तक त्यांनी कुणाला दिलं नाही. मला वाटत होतं रेवूला तरी देतील. नाही दिलं. रेवू रडली आणि मी तिला कडेवर घेतलं. ती माझ्या खांद्यावर रडते आहे याचं मला बरं वाटत होतं.

बरेच दिवस रेवूनं पुस्तक मागितलं नाही. मग एका दुपारी ती नगरहून आणलेलं पुस्तक घेऊन माझ्या पाठीला पाठ लावून बसली. मी काही न बोलता वाचायला लागले. पहिल्या पानावर ससा होता. माझ्या तोंडून निघून गेलं, “म्या न्हाई येत, जा.” पाठीमागं ती हसली, ते मला पाठीला जाणवलं. मग ती वळून बसली, मग हळूहळू मांडीत आली. मी पान उचलून धरलं आणि थांबले. त्या दिवसापासून मला वाचता यायला लागलं. पण घास घ्यावा आणि तो दुसऱ्याच्या ताटातला निघावा, तसं मला प्रत्येक पानाला होत राहिलं.

काकू त्यानंतर एकदाच दिसल्या. रेवू दहा वर्षांची होती. नारायणगडावर यात्रा होती, आम्ही दोघी दर्शनाच्या रांगेत होतो. पायऱ्यांच्या कडेला लिंबाखाली काकू बसलेल्या होत्या. केस पार पांढरे, अंग उतरलेलं. मांडीवर चार-पाच वर्षांचा नातू आणि हातात उघडं पुस्तक. पान अर्धं उचलून त्या थांबल्या होत्या. पण नातवाचं लक्ष पुस्तकात नव्हतं. थोड्या अंतरावर त्याची आई, काकूंची पुण्याची सून, खेळण्यांच्या दुकानापाशी उभी होती. तिनं शिट्टी वाजवून दाखवली तसा तो मांडीवरून उतरला आणि पळाला. सुनेनं त्याला उचलून घेतलं. तो तिच्या गळ्यात पडून शिट्टी वाजवायला लागला.

काकूंनी हातातलं पान तसंच धरलेलं होतं. सुनेकडं त्या ज्या नजरेनं बघत होत्या, ती नजर मला नवी नव्हती. वसाहतीत त्यांच्या उंबऱ्यात उभी राहून मी तशीच बघत असायची.

मला काही सुचायच्या आत रेवूनं चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि ती रांगेतून बाहेर पडली. काकूंनी तिला ओळखलं की नाही, मला लांबून कळलं नाही. रेवूनं आधी आपले दोन्ही पंजे त्यांच्यासमोर उलटेसुलटे करून धरले. काकूंनी ते नीट निरखून बघितले. मग थोडं सरकून जागा केली. रेवू त्यांना टेकून बसली. मोठाली पुस्तकं एका बैठकीत वाचून काढणारी माझी मुलगी, अक्षर येत नसल्यासारखी त्या चित्रांच्या पुस्तकात वाकून ऐकायला लागली. तिचा हात काकूंच्या पदराकडं गेला. रेवूच्या चपला हातात धरून मी रांगेत उभी होते आणि इतक्या वर्षांनीही ती पदर कधी सोडते याची वाट बघत होते.

तेवढ्यात नातवाचं तिकडं लक्ष गेलं. आपल्या जागेवर दुसरंच कुणी बसलेलं बघून तो आईच्या कडेवरून घसरत उतरला, शिट्टी तिथंच टाकली, पळत आला आणि रेवूला कोपरानं बाजूला सारून आजीच्या मांडीत घुसला. काकू त्याला काही बोलल्या नाहीत. त्यांनी पानं मागं नेली आणि पहिल्यापासून सुरू केलं.